पाटलांच्या पाठीवर माझी कातडी

आमच्या सात पिढ्यांत गावच्या पाटलांना उघडपणे कोणी शिवलं असेल, तर ती माझ्या उजव्या मांडीची कातडी. नुसती शिवली नाही, चांगली तीन आठवडे त्यांच्या पाठीवर ठाण मांडून बसली. एवढा वेळ आमच्यातल्या कोणाला त्यांच्या ओसरीच्या पायरीवरही बसायला मिळाला नव्हता.

आमचं गाव वलगावच्या पलीकडे. काळी जमीन, तिच्यावर कापूस, आणि त्या कापसावर पाटील. गावाच्या उगवतीला आमची वस्ती. छप्पन साली आमची माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि परत आल्यावर पहिलं काम त्यांनी हे केलं, की मेलेली ढोरं ओढायची-सोलायची नाहीत असं ठरवलं. गावाला आमच्या नव्या धर्माचा फारसा राग नव्हता. कोणाला नमस्कार करायचा तो करा, असं गाव म्हणत होतं. राग आला तो पाटलांचा बैल मेला तेव्हा. तो गोठ्यात फुगत पडला, आमच्याकडे निरोपावर निरोप आले, कोणी गेलं नाही. शेवटी पाटलांच्या दोन्ही मुलांनी नाकाला उपरणी बांधून तो स्वतः ओढत नेला आणि त्या दिवसापासून आम्ही गावाचे वैरी झालो. गिरणीवाला आमचं दळण घेईना. दुकानदार मीठ देईना. शेतावर कामाला बोलावणं बंद झालं. भांडण मुळात कातडीचंच होतं. पुढं जे घडलं त्याच्याशी मात्र त्याचा संबंध मला फार उशिरा लागला.

माझे वडील सालदारी सोडून अमरावतीच्या एका सरकी काढायच्या जिनात हमालीला लागले. मोठी बहीण नर्सिंग शिकून तिथल्याच एका दवाखान्यात सिस्टर झाली होती. मी कॉलेजात बी. एस्सी. करत होतो. आम्ही तिघं एका खोलीत राहत होतो आणि माय गावाकडे घर राखून होती.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पाटलांनी अमरावतीहून गॅसबत्ती नेली. गावातली ती पहिलीच. बत्तीला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. हुकूम काढणाऱ्यालाही ती कशी लावतात ते माहीत नव्हतं, पण हुकमाला माहितीची गरज नसते. पाटलांनी स्वतः पंप मारला, बत्ती लागली, सारं गाव पाहायला जमलं. थोड्या वेळानं ती मंद झाली, तेव्हा पाटलांनी ती न विझवताच तिच्यात रॉकेल ओतलं. भडका उडाला आणि धोतर पेटलं. पाटील पळत सुटले. पळणाऱ्या माणसाच्या अंगावर आग मागून चढते. दोन्ही पाय आणि पाठ कमरेपासून खांद्यापर्यंत भाजून निघाली. कोणीतरी ताडपत्री टाकून विझवलं.

यानंतर गावानं आपली सारी विद्या पाटलांच्या पाठीवर आणून ओतली. एकानं दौतभर शाई टाकली. एकानं गेरू फासला. चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल फेटून कोणी लावलं, ते त्यातल्या त्यात बरं होतं, पण त्याच्यावर लगेच देवळातला अंगारा पडला. दोन-चार दिवसांत पाठीला वास सुटला, पाटील तापानं बरळू लागले, तेव्हा त्यांना बैलांच्या दमणीत गादीवर पालथं घालून अमरावतीला आणलं. आणलं ते नेमकं माझ्या बहिणीच्या वॉर्डात.

तिथले सर्जन पुण्याचे. विलायतेहून शिकून आलेले, बोलणं मऊ आणि स्वच्छ. आमची वऱ्हाडी ऐकली की त्यांना सारखं वाटायचं, ही माणसं आपल्याशी भांडताहेत. त्यांनी पाठ धुऊन शाई, गेरू आणि अंगारा काढायला एक अख्खी सकाळ घालवली. नंतर पाटलांच्या घरच्यांना व्हरांड्यात बोलावलं. मी बहिणीकडून खोलीची किल्ली घ्यायला आलो होतो, तो खांबाआड उभा राहून ऐकत राहिलो.

सर्जन म्हणाले, "हे बघा, कातडी म्हणजे शरीराची भिंत. ती गेली की आतलं पाणी झिरपून जातं आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. यांची स्वतःची चांगली कातडी थोडीच उरली आहे, आणि ती काढून घेण्याइतकी ताकद आज त्यांच्यात नाही. तोपर्यंत दुसऱ्या कोणाची तरी कातडी पाठीवर पांघरायला हवी. ती कायमची राहणार नाही, पण दोन-तीन आठवडे टिकली तरी ते सावरतील. मग आपण त्यांची त्यांनाच लावू. मांडीवरचा पातळ पापुद्रा लागतो, देणाऱ्याला पुन्हा नवी येते. कोण देतंय?"

व्हरांड्यात पाटलांचे दोन मुलगे, अकोल्याचे जावई, धाकटा भाऊ आणि पाटलीणबाई एवढी मंडळी होती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

मोठा मुलगा म्हणाला, "देतो ना डाक्टर सायेब. माहा बापच हाय तो. पण मले लहानपणापासून रगत कमी हाय." हा गडी कापसाचं भरलेलं बोंदरं एकटा उचलून गाडीत फेकायचा.

धाकटा म्हणाला, "कापूस फुटून राहिला जी. मी अठी झोपून राहिलो तं वेचणी कोण पाहीन?"

जावई शिकलेले होते, त्यांनी शास्त्र काढलं. "जावयाचं काही सासऱ्यानं घ्यायचं नसतं. आमच्यात चालत नाही." सासऱ्याचं घ्यायला मात्र त्यांच्यात चालत होतं. सायकल, घड्याळ आणि रेडिओ त्यांनी बिनशास्त्राचा घेतला होता.

भावाचा पाटलांशी विहिरीवरून वाद होता. तो सरळ माणूस, सरळ बोलला. "दाद्यानं मले विहिरीवर येऊ देलं नाई. आता मी त्याच्या पाठीवर जाऊ काय?"

पाटलीणबाई तेवढ्या पुढं झाल्या. "माही घ्या," त्या म्हणाल्या. "मले काई होत नाई." सर्जननी त्यांची नाडी पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली. खरंच रक्त कमी असलेलं त्या घरात कोणी असेल, तर त्या होत्या. त्यांना त्यांनी हात जोडून बाकावर बसवलं. मुलगे लगेच म्हणाले, "मायची नका घेऊ जी, तिले सहन नाई होनार." त्यांचा आईबद्दलचा जिव्हाळा त्या क्षणी अगदी ओसंडून वाहत होता.

"मी देतो," मी खांबाआडून म्हणालो.

सर्जन आणि पाटलांची माणसं वळून बघेपर्यंत बहिणीनं मला दंड धरून मागच्या खोलीत ओढलं. "तुले याड लागलं काय? थे कोण हायेत, माईत नाई काय तुले?"

"माईत हाय म्हणून तं."

तिला ते पटलं नाही आणि मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. ती दया नव्हती. बुद्धाची करुणा वगैरेही माझ्या मनात नव्हती. माय मिठासाठी दोन कोस चालत होती, हे मी विसरलो नव्हतो. मला एवढंच वाटलं, की हा माणूस उठून बसला पाहिजे आणि उठून बसल्यावर आपल्या पाठीवर कोण आहे ते त्याला कळलं पाहिजे. सुडाचे पुष्कळ प्रकार असतात. माझ्या वाट्याला हा आला होता आणि तो धर्मादाय खात्यात जमा होणार होता, एवढीच काय ती त्यात गंमत.

संध्याकाळी वडील जिनातून आले. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ढोराची मागत होते, थे आपण नाई देली," ते म्हणाले. "आता तुही मागून राहिले, तं देतू?"

"मागतली नाई बाबा. मीच देऊन राहिलो."

"थे त्याहून वाईट."

ते हातपाय धुऊन आले, जेवले. जेवण झाल्यावर म्हणाले, "दे. माणूस मरून राहिला तं दे. पण त्याहिच्याकून काई घेऊ नको. दाणा नाई, कपडा नाई, चहा नाई. घेतलं का त्याचं बलुतं होते."

माझी मांडी दुसऱ्या दिवशी तासली. दुसरा शब्द मला सुचत नाही. कमरेत सुई देऊन पाय बधिर केले होते, त्यामुळे मला फक्त ओढल्यासारखं जाणवलं. सर्जनच्या हातात न्हाव्याच्या वस्तऱ्याच्या थोरल्या भावासारखं एक पातं होतं. ते मागं-पुढं फिरत होतं आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, जवळजवळ पारदर्शक असं काहीतरी त्यांनी ओल्या फडक्यावर पसरलं. मी मान उचलून पाहिलं. मला वाटलं होतं ती काळी दिसेल. ती धुरकट पांढरी होती. गावानं ज्या गोष्टीवर माझी सारी ओळख उभी केली होती, तिच्यात एका फडक्यावर दिसण्याइतकाही रंग नव्हता.

बधिरपणा उतरल्यावर मांडीची अशी आग झाली, की माझा सूड मला महागात पडला असं वाटू लागलं.

तिकडे पाटलांच्या मोठ्या मुलानं सर्जनना विचारलं होतं, "कोण देऊन राहिला जी?"

"कॉलेजचा विद्यार्थी आहे."

"कोणाच्या घरचा?"

"निरोगी घरचा," सर्जन म्हणाले. त्यांना प्रश्न कळला होता की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पुण्याच्या माणसाला न कळल्याचं दाखवता येतं, ही त्यांची मोठी सोय असते.

मुलानं मनाशी ठरवून टाकलं, की कॉलेजचा म्हणजे चांगल्या घरचाच असणार. तसा तो खूश होता. दोन दिवसांनी तोच पुरुषांच्या वॉर्डातून जाताना माझ्या खाटेपाशी थबकला.

"अरे, तू अठी काहून? काय झालं पायाले? पडला काय?"

मी म्हणालो, "पडलो नाई जी. तुमच्या बाबाच्या पाठीवर हाओ मी."

आधी त्याला वाटलं मी तापात बोलतोय. मग त्याची नजर माझ्या मांडीवरच्या पट्टीवर गेली, तिथून माझ्या तोंडावर आली आणि तिथून दाराकडे. तो निघून गेला. चालताना त्यानं स्वतःचे दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरले होते, जणू तेही कोणी लावून दिले होते.

मग दवाखान्याच्या आवारातल्या निंबाखाली त्यांची बैठक बसली. माझी बहीण खिडकीतून ऐकत होती आणि पट्टी बदलायला येऊन मला हसत हसत सांगत होती. पाटलांना सांगायचं नाही, हे एकमतानं ठरलं. पुढचा प्रश्न, आता त्यांना घास कोणी भरवायचा? मोठी सून म्हणाली, तोंड तर त्यांचंच आहे, पाठीला हात लागला नाही म्हणजे झालं. जावई म्हणाले, पण गादी एकच आहे ना! पाटलीणबाई कोणाचं न ऐकता ताट घेऊन आत गेल्या आणि नवऱ्याला भरवून आल्या. बाकीचे बाहेर बसून शास्त्र शोधत राहिले.

या सगळ्या दिवसांत त्या पाठीची मलमपट्टी माझी बहीणच करत होती. तिचं गाव लहानपणीच सुटलं होतं, त्यामुळे तिला कोणी ओळखलं नव्हतं आणि तिचं घर कोणतं, हे विचारलंही नव्हतं. पांढऱ्या कपड्यांना आणि टोपीला जात नसते, असा गावाचा समज होता. तो तिनं मोडला नाही.

गावाहून भटजींना आणलं. मोठा प्रश्न होता म्हणून त्यांनी मोठा विचार केला. त्यांचा निकाल मी आजवर कोणत्याही ग्रंथात वाचला नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. ते म्हणाले, चामडं हे रक्त नव्हे. चामड्याची वहाण आपण घालतोच. चामड्याच्या मोटेचं पाणी पितोच. ते चामडं कोणी कमावलं हे आपण विचारत नाही. तेव्हा हे चामडं चालेल. फक्त ते पायाच्या जागी पाठीवर आल्यामुळे थोडी शांती करावी लागेल.

म्हणजे मी, बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, शास्त्राप्रमाणे पाटलांची वहाण झालो. फक्त जागा चुकली होती.

शांतीसाठी भटजी तांब्यात गोमूत्र घेऊन थेट वॉर्डात शिरले. पाटील पालथे पडलेले, पाठ उघडी, त्या दिवशी पट्टी बदलायची होती. भटजींनी दर्भाची जुडी तांब्यात बुडवली आणि तेवढ्यात सर्जन आत आले. त्यांचा मऊ आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चिरकला. "काय करताय? माणूस मारायचाय का?"

"शुद्धी करून राहिलो जी."

"मी सहा वेळा हात धुऊन ती पाठ शुद्ध ठेवलीय! बाहेर व्हा!"

भटजी बाहेर झाले. तांब्या व्हरांड्यातच राहिला. दवाखान्यातल्या लोकांनी तो दिवसभर लघवीच्या तपासणीचा समजून बाजूला ठेवला होता, असं बहीण म्हणाली. हे तिनं रचून सांगितलं असावं, पण मला ते आवडलं.

माझी कातडी पाटलांच्या पाठीवर छान धरली. गुलाबी झाली, तिच्यात रक्त फिरू लागलं. ताप उतरला. पाटील उठून बसू लागले, भाकरी मागू लागले, माणसांवर ओरडू लागले. म्हणजे ते पूर्ववत होत होते. आणि मग, सर्जन म्हणाले होते तसंच, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती कातडी सुजली, काळवंडली आणि कडेनं सुटू लागली.

ही बातमी गावात पोचली तेव्हा गावाला जो आनंद झाला, तसा पाटील वाचल्याचाही झाला नव्हता. माय सांगत होती, पारावर माणसं एकमेकांना सांगत होती, "पाटलाच्या आंगानं वळखलं! आंगानं फेकून देली!" रक्ताला सगळं कळतं, ते खोटं घेत नाही, हे आता सप्रमाण सिद्ध झालं होतं. भटजींना सोडून सगळे खूश. त्यांचा निकाल वाया गेला होता.

मी खचलो. सूड घ्यावा म्हणून दिलेली वस्तू त्या माणसाच्या अंगानंच नाकारावी, याचं मला वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटलं याचा राग आला. पट्टी सोडायला गेलो तेव्हा सर्जनना विचारलं, "माझी होती म्हणून गळाली का?"

त्यांनी चष्मा काढला. "त्यांच्या मुलानं दिली असती तरी गळाली असती. सख्ख्या भावाची गळते. माझी दिली असती तरी गळाली असती. शरीर हुबेहूब जुळ्या भावाखेरीज कोणालाच आपला म्हणत नाही. ते एका बाबतीत फार चांगलं आहे. सगळ्यांना सारखंच परकं समजतं."

हे मी वडिलांना सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं आणि मग इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हंजे त्याच्या पोराले बी हाकललं असतं! हे गावात सांगाले पायजे." मायनं ते गावात सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही.

तोवर पाटील सावरले होते. त्यांच्या छातीची आणि दंडाची कातडी थोडी थोडी काढून पाठीवर लावली. ती मात्र राहिली, आणि पाटील जगले.

पाटलांना माझ्या कातडीची बातमी कोणी दिली ते नंतर कळलं. जावयांनी दिली. शिकलेल्या माणसाला गुपित फार दिवस पोटात ठेवता येत नाही.

हिवाळा सरता सरता एका सकाळी मी मांडी दाखवायला दवाखान्यात गेलो होतो. बाहेरच्या लांब बाकावर रुग्ण बसले होते. दोघांच्या मधली एक जागा रिकामी होती, तिथं बसलो आणि शेजारी पाहिलं तर पाटील. अंगावर सैल सदरा, हातात काठी, मान ताठ. मी उठू लागलो.

"बस," ते म्हणाले. नंतर समोर पाहतच, "तूच काय थो?"

"होय जी."

"खाज काहून येते रे?"

मला प्रश्न कळला नाही. ते संतापले. "तुही कातडी लावली, तवापासून खाज येऊन राहिली. रात्री झोप नाई लागत. काय हाय तुह्या कातडीत?"

"पाटील, माही कातडी तं कवाच गेली. आता हाय थे तुमचीच हाय. छातीची काढून लावली."

"माही नाई थे. माही असती तं माह्याशी अशी वागली नसती."

भरलेल्या जखमेला सगळ्यांनाच खाज येते, जखम भरते तेव्हा आत नवे धागे विणले जातात, वगैरे मी ऐकलेलं सगळं सांगितलं. ते ऐकत नव्हते. त्यांनी काठीचं टोक सदऱ्याच्या मागून घालून पाठ खाजवायला सुरुवात केली. ते पाहून माझ्या मांडीलाही सुटली. मी बराच वेळ धीर धरला आणि शेवटी मीही धोतरावरून खाजवू लागलो.

पाटलांचा हात थांबला. "तुले बी येते?"

"लय येते."

"मले वाटलं, मलेच," ते म्हणाले. मग आम्ही दोघंही, समोरच्या भिंतीकडे पाहत, आत बोलावणं येईपर्यंत आपापलं खाजवत बसलो. गावातल्या कोणी ते पाहिलं असतं तर पुन्हा बैठक बसली असती.

यामुळे गावात काही बदललं असेल, असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी ते मनातून काढावं. गिरणी आम्हाला पुढच्या पावसाळ्यात खुली झाली, तीही दुसरी गिरणी निघाली आणि पहिलीला गिऱ्हाईक कमी पडू लागलं म्हणून.

मी एम. एस्सी. केलं आणि अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो. साठीचं दशक उताराला लागलं होतं. एके वर्षी आमच्याकडे दक्षिणेकडचे एक शास्त्रज्ञ व्याख्यानाला आले. विषय होता कोलॅजन, म्हणजे कातडी, हाडं आणि शिरा ज्या प्रथिनानं बांधलेल्या असतात ते. जनावराची कातडी उकळून जो सरस निघतो, तो त्याचाच उकडलेला अवतार. त्यांनी फळ्यावर तीन धागे काढले आणि ते एकमेकांभोवती पिळून दाखवले. आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना ते समजावून सांगायला नको होतं. बैलांचा दोर सगळ्यांनी वळलेला होता. प्रत्येक धाग्यात दर तिसरा मणी, म्हणजे अमिनो आम्ल, तोच, सगळ्यांत लहान, म्हणून तर तीन पदर घट्ट बसतात. जखम भरते तेव्हा शरीर हेच दोर नव्यानं वळत असतं. मग ते म्हणाले, आता प्रयोगशाळेत माणसांनी याची नक्कल करायला घेतली आहे. अमिनो आम्लांच्या छोट्या माळा गुंफतात, आणि त्या आपल्या आपण तिपेडी पीळ घेतात. पुढेमागे अशा नकली दोरांनी भाजलेली कातडी सांधायला मदत होईल, अशी आशा आहे.

मी हात वर केला. "ते कोणाचं आहे, हे शरीराला कळेल का?"

"कोणाचं म्हणजे?" ते गोंधळले. मग म्हणाले, "शरीराचं भांडण मुख्यतः दुसऱ्याच्या पेशींशी असतं. कोलॅजन माणसामाणसांत सारखंच. बैलाचंही फार वेगळं नाही. आणि ही नक्कल तर कोणाचीच नाही. तिला मालकच नाही."

आमच्या संस्कृतच्या प्राध्यापकांनी पहिल्या रांगेतून विचारलं, "ते शाकाहारी असेल का?" शास्त्रज्ञ म्हणाले, बाटलीतल्या रसायनांपासून करतात. प्राध्यापकांचं समाधान झालं. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, गोरी भेटन काय?" सगळे हसले. माझ्या ध्यानात आलं, की हसून झाल्यावर बरेचजण उत्तराची वाट पाहत होते.

त्याच सुमाराला पाटील अकोल्याला लेकीकडे राहायला आले होते. मुलांनी शेत वाटून घेतलं होतं आणि वाटणीत वडील कोणाच्याच हिश्शाला आले नव्हते. मी कॉलेजातून घरी जाताना त्यांच्या फाटकावरून जायचो. त्या दिवशी ते अंगणात आरामखुर्चीत बसले होते. पाठ टेकून नाही, पुढे वाकून. त्यांनी हाक मारली.

मी फाटकाशीच उभा राहून व्याख्यानातलं सांगितलं. दोर, तीन पदर, नक्कल, सगळं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे कोणाचीच कातडी नाई?"

"कोणाचीच नाई."

"मंग कोणाले मागाचं काम नाई."

"नाई."

त्यांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली. "बरं होइन. मागतली तवा चौघं गडी होते व्हरांड्यात. मी तापात होतो, पण आयकून राहिलो होतो." इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना फक्त माझ्याबद्दलचं कळलं होतं.

आतून जावयांचा आवाज आला, "मामाजी, कोणाशी बोलून राहिले?"

"कॉलेजचे प्रोफेसर हायेत," पाटील ओरडले. "चहा ठेवाले सांग. कपात." मग मला म्हणाले, "फाटक उघड. उभा काहून राहिला?"

जावई दारात आले, त्यांनी मला ओळखलं, आणि त्यांच्या तोंडावर तो व्हरांड्यात शास्त्र काढतानाचा चेहरा हळूहळू परत आला. पण सासऱ्यानं मोठ्यानं प्रोफेसर म्हटलं होतं आणि शेजारचे वकील त्यांच्या कुंपणाशी उभे होते. शिकलेल्या माणसाला शेजाऱ्यासमोर फार काही करता येत नाही. चहा आला, कपबशीत. वडिलांचं बोलणं मला आठवलं. पण मी आता काही देत नव्हतो, त्यामुळे घेण्याला हरकत नव्हती. मी खुर्ची ओढून बसलो. चहात आलं फार घातलं होतं. पाटलांनी बशीत ओतून फुर्रकन प्यायला आणि लेकीला सांगितलं, उद्यापासून आलं कमी घाल.